एकटा गुराखी आणि चाळीस काळे कोट

रमाकांत धुरीला चाळीस वाजंत्र्यांच्या साथीने अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी म्हणायची होती. एवढंच. माणसांच्या मागण्या याहून मोठ्या असतात. कुणाला ब्लॉक हवा असतो, कुणाला बढती, आणि त्या वर्षी डिलाईल रोडवरच्या झाडून सगळ्या माणसांना मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता. रमाकांतलाही तो हवाच होता. मोर्चात त्याचा आवाज चार रांगा पुढे ऐकू जाई. पण मोर्चा संपवून घरी परतताना त्याच्या डोक्यात टेक्सास नावाच्या मुलखाची धूळ उडत असे. टेक्सास नक्की कुठे आहे हे त्याला नीट सांगता आलं नसतं. तिथे गुरं फार, माणसं कमी आणि एकेक गुराखी हजार हजार गुरं हाकत महिना-महिना चालत असतो, एवढी माहिती त्याला पुरत होती.

ही गाणी त्याला एका अमेरिकन खलाशाने शिकवली होती. रमाकांत शिवडीच्या एका गोदामात कारकून होता. पाच वर्षांपूर्वी एक जहाज इंजिन बिघडून सहा आठवडे बंदरात पडून राहिलं, तेव्हा त्यावरचा एक लांबट माणूस रोज गोदामात येऊन गाठोड्यांवर बसे आणि गिटार वाजवत गाई. रमाकांत त्याला आपल्या डब्यातली सुकटाची चटणी देई. चटणीच्या बदल्यात तीन गाणी आणि जाताना ती गिटार, असा तो व्यवहार झाला. या गाण्यांत ओळ संपली की गळा एकदम खालून वर उडवायचा असतो, यो-लो-ली-ई-ई असा. रमाकांतला तो पहिल्याच आठवड्यात जमला. कोकणात लहानपणी डोंगरावरून हाळी घातलेल्या माणसाला ते अवघड नसतं.

अवघड होतं ते घरी. रमाकांतचे वडील गुणाजीबुवा गिरणीत साचे चालवायचे आणि डबलबारी भजनात त्यांचं नाव लालबागपासून सावंतवाडीपर्यंत होतं. डबलबारी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. दोन बुवांचा सामना. या मंचावर हा बुवा आपल्या टाळकऱ्यांसकट, समोरच्या मंचावर तो. एकाची बारी चालू असताना दुसऱ्याने तोंड मिटून बसायचं, वाद्याला बोट लावायचं नाही, आणि आपली बारी आली की मघाचं सगळं व्याजासकट परत करायचं. शेवटचा गजर तेवढा दोन्ही पार्ट्यांनी मिळून करायचा, असा रिवाज. गुणाजीबुवा तीस वर्षांत एकही सामना हरले नव्हते, निदान ते तसं सांगत. आणि अशा बुवाचा एकुलता एक मुलगा पेटीला हात न लावता गिटार घेऊन बसे.

बुवा त्याच्यावर कधी ओरडले नाहीत. रमाकांतने गिटारीला हात लावला की ते खुंटीवरची टोपी काढत आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे जाऊन उभे राहत. पाऊस असला तर छत्री घेत. पाच वर्षांत त्यांनी मुलाचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं, आणि पानवाल्याची मात्र भरभराट झाली होती. रमाकांतच्या मनात हेच सलत होतं. बाबांनी एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. मग ते वाईट म्हणाले तरी चालेल. चाळीस वाजंत्र्यांचा घाट खरं म्हणजे एवढ्यासाठीच होता. एका गिटारीला बाबा उठून जातात, चाळीस वाद्यांना कुठे जातील, असा त्याचा हिशेब होता. त्याची बायको कमल म्हणाली की चाळीस असतील तर ते शिवडीपर्यंत चालत जातील, पण ते तिने भाकरी थापता थापता म्हटलं आणि रमाकांतने ऐकलं नाही.

चाळीस वाजंत्री मिळाले ते दोन तपेल्यांमुळे. गोदामात एक खोका चार महिने अडकून पडला होता. कागदावर ‘तांब्याची भांडी, नग दोन’ असं होतं आणि जकातीसाठी भांडी घरगुती की हॉटेलची याचा निकाल लागत नव्हता. खोक्याचे मालक कायतान मास्तर गिरगावातल्या एका वाडीत राहणारे वयस्क गोवेकर गृहस्थ होते. ते दर सोमवारी हॅट हातात धरून येत आणि ही भांडी नाहीत, नगारे आहेत, असं कळवळून सांगत. साहेब विचारी, नगारा आहे तर कातडं कुठे आहे. कातडं वेगळ्या खोक्यातून आलेलं होतं आणि ते तिसऱ्या गोदामात ‘कमावलेलं चामडं’ म्हणून पडलं होतं. रमाकांतने एका दुपारी दोन्ही खोके एकत्र आणवले, कातडी चढवायला लावली आणि मास्तरांना म्हणाला, वाजवा. मास्तरांनी असे काही वाजवले की छपरावरची कबुतरं उडाली आणि साहेबाने सही केली.

मास्तर त्याला म्हणाले, काय पाहिजे ते माग. रमाकांतने मागितलं. मास्तर आधी पोट धरून हसले. मग रमाकांतने तिथेच, गाठोड्यांच्या मधे उभं राहून, गुरं हाकण्याचं गाणं म्हणून दाखवलं. मास्तरांचं हसू थांबलं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि खोक्याच्या लाकडावरच इंग्रजी स्वरलिपीच्या पाच रेघा ओढायला सुरुवात केली. हे गाणं उघड्या माळावरचं आहे, ते म्हणाले, त्याला मागे आभाळ पाहिजे, आणि आभाळ एका गिटारीतून निघत नाही. रमाकांतला त्या क्षणी ताप चढल्यासारखं झालं.

मास्तर ज्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते त्यात अर्धे गोवेकर होते, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे, आणि अर्धे फोर्टातले हौशी पारशी. ते वर्षातून चार वेळा एका थंडगार हॉलमधे वाजवत. समोर दर वेळी तीच साठ माणसं असत, आणि त्यातली निम्मी नात्यातली. डिलाईल रोडवर दोन हजार माणसं ऐकायला येतील असं मास्तरांनी सांगितलं तेव्हा एक पारशी व्हायोलिनवाले गृहस्थ भावनावश होऊन खाली बसले. तालीम मास्तरांच्या खोलीत होई. खोली एवढी की एका वेळी चार वाजंत्री मावत. पाचवा आला तर गजांमुळे कुणाच्या तरी डोळ्याला धोका. त्यामुळे रमाकांतने चार चार करून दहा वेळा ऑर्केस्ट्रा ऐकला, पण चाळीस जण एकदम कसे वाजतील हे त्याला कळलं नव्हतं. तो ते मनातल्या मनात ऐके आणि गोदामात पावत्यांवर उलटे शिक्के मारी.

जागा आणि दिवस आपोआप मिळाले. चाळीचा सत्यनारायण दर वर्षी सव्वीस जानेवारीला असे, आणि दुपारी पटांगणात गुणाजीबुवांची डबलबारी. त्या वर्षी समोरचे बुवा सत्याग्रहात पकडले जाऊन तुरुंगात बसले होते. गुणाजीबुवांनी दुसरा प्रतिस्पर्धी नाकारला. मी भिंतीशी सामना करीत नाही, असं त्यांनी उत्सव मंडळाला कळवलं. मंडळाचे चिटणीस कोंडीराम मोठ्या विवंचनेत पडले. रमाकांतने ऑर्केस्ट्राची गोष्ट काढली तेव्हा चाळीस माणसं फुकट येतायत एवढंच ऐकून कोंडीरामांनी त्याचा हात हातात घेतला.

मग आली परवानगी, आणि इथे घोडं अडलं. मराठी-गुजराती द्वैभाषिकाचं राज्य होतं, जमावबंदी होती, आणि चार माणसं एकत्र शिंकली तरी चौकीत नोंद होई. फौजदारांनी गाण्यांचं मराठी भाषांतर तीन प्रतींत मागितलं. रमाकांतने दोन रविवार खर्ची घालून ते केलं. फौजदारांनी ‘हा मुलूख सोडून मी जाणार नाही’ या ओळीखाली तांबडी रेघ मारली आणि विचारलं की कुठला मुलूख. रमाकांत म्हणाला, टेक्सास. त्यावर आणखी कुणाचा दावा आहे काय? रमाकांत सत्यवचनी माणूस. खलाशाने सांगितलेलं आठवून तो म्हणाला की पूर्वी शेजारच्या मेक्सिकोचा होता. म्हणजे सीमावाद आहे, फौजदार म्हणाले. आणि तिथली माणसं एक भाषा बोलतात की दोन? दोन, रमाकांत म्हणाला. फौजदारांनी फाईल मिटली.

कोंडीराम नसते तर गोष्ट तिथेच संपली असती. दुसऱ्या दिवशी ते सोवळ्यासारखं स्वच्छ धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून एकटेच चौकीवर गेले आणि त्यांनी फौजदारांना एक प्रश्न विचारला. साहेब, गुरं राखणारा म्हणजे कोण? फौजदार घरचे माळकरी. त्यांचे हात आपोआप जुळले. गुरं आहेत, नदी आहे, मागे राहिलेल्या आईची आठवण आहे. मग या गवळणी नाहीत तर काय आहेत? देवाधर्माच्या कार्यक्रमाला जमावबंदीतून सूट होती. कोंडीरामांनी दर वर्षीचाच अर्ज नावं बदलून पुढे सरकवला, आणि परवाना निघाला: डबलबारी भजन, विषय श्रीकृष्णाच्या गवळणी, पहिले बुवा रमाकांतबुवा धुरी, दुसरे बुवा कायतानबुवा, गिरगाव.

जाहिरातीही मग परवान्याप्रमाणेच छापल्या गेल्या. ‘डबलबारीचा जंगी सामना’ हा ठसा छापखान्यात तयारच होता. रमाकांत इतका हरखला होता की त्याने फक्त आपल्या नावाचा टाईप केवढा आहे ते पाहिलं. कोंडीराम म्हणाले, अरे कागदावर काय वाटेल ते असू दे, लोकांना तिथे कळेलच. या वाक्यावर विश्वास ठेवून आजवर किती माणसं बुडाली असतील त्याची गणती नाही.

तोवर चाळीचा सल्ला सुरू झाला होता. शेजारच्या गंगुबाईंनी घशासाठी वेखंड आणि मध पाठवला. तो गळा उडवायचा प्रकार जिन्यावर ऐकून त्यांना आधी वाटलं होतं की पोराला बाहेरची बाधा आहे, आणि उतारा म्हणून पाठवलेला नारळ त्यांनी परत मागितला नाही, दोन्हींसाठी चालेल म्हणाल्या. पहिल्या मजल्यावरचे नाना गिरणीतले निवृत्त जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्यांचं म्हणणं, गुराखी आहे तर डोक्यावर इरलं आणि खांद्यावर घोंगडी पाहिजे. अमेरिकेतला गुराखी इरलं घेत नाही असं रमाकांतने तीनदा सांगितलं. तिथे पाऊस पडत नाय काय, नानांनी विचारलं. शेवटी रमाकांतने साहेबाची जुनी सोला हॅट मागून आणली आणि तिला हनुवटीखाली बांधायला नाडी लावली. कमल ती पाहून पदर तोंडाला लावून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सव्वीस तारखेला पूजा झाली, प्रसाद झाला, आणि तीन वाजल्यापासून पटांगण भरू लागलं. अँटॉप हिलपासून माणसं आली. पुढच्या खुर्चीवर फौजदार जातीने हजर होते, परवान्याबरहुकूम गवळणी होतात की नाही ते पाहायला. मांडववाल्याने दर वर्षीप्रमाणे दोन मंच घातले होते, समोरासमोर, मधे वीस पावलांचं अंतर. एका मंचावर कायतान मास्तर आणि त्यांचे चाळीस काळे कोट अंग चोरून बसले. मोठं उभं व्हायोलिन वर मावेना म्हणून त्याचा वादक जमिनीवर उभा राहून नुसती मान वर दाखवत होता. समोरच्या मंचावर रमाकांत एकटा, हॅट आणि गिटारीसह. त्याला हे थोडं लांब वाटलं. पण त्याने हॅटची नाडी घट्ट केली आणि विचार झटकून टाकला. त्याने वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गुणाजीबुवा चटईवर बसले होते, पटांगणाकडे पाठ करून. निदान ते पानवाल्याकडे गेले नव्हते.

ऑर्केस्ट्राने सूर जुळवले. लोकांना वाटलं हे स्तवन. त्यांनी मान डोलावली. मग मास्तर वळले, समोरच्या बुवाकडे चक्क पाठ करून उभे राहिले, आणि पटांगणात पहिली कुजबुज झाली. सामन्यात एवढा माज बरा नव्हे. पण नंतर जे सुरू झालं त्याने सगळे गप्प झाले. दहा मिनिटं तो माळ, ते आभाळ, ती दूरवरून येणारी गुरं अशी चाळीस वाद्यांतून उलगडत गेली, आणि शेवटी त्या दोन तपेल्यांनी खिडक्यांची तावदानं हलवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना शेजाऱ्याला म्हणाले की गिरगावची पार्टी तयारीची आहे, आपल्या रमाकांताचं काही खरं नाही.

रमाकांतचे पाय जमिनीवर नव्हते. त्याने गिटारीवर बोटं टाकली आणि गुरं हाकण्याचं गाणं उचललं. दुसऱ्या ओळीला, तालमीत ठरल्याप्रमाणे, समोरून व्हायोलिनं अलगद आत आली. आयुष्यात पहिल्यांदा तो चाळीस जणांबरोबर गात होता. ते सुख त्याला सुमारे आठ सेकंद मिळालं.

कारण पटांगण खवळलं. रमाकांतबुवाची बारी चालू असताना समोरची पार्टी वाजवते म्हणजे काय? तीस वर्षांत असला अधर्म या चाळीने पाहिला नव्हता. कोंडीराम दर वर्षी सामन्याचे पंच असत आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी असे. खरा प्रकार ठाऊक असलेला मंडळातला तो एकमेव माणूस. पण दोन हजार लोक ओरडू लागल्यावर सवय जागी झाली आणि त्यांनी शिट्टी फुंकली. कायतान मास्तर भांबावून वळले.

“अरे, आमी त्याच्याच बरोबर वाजवतों!” ते म्हणाले.

“तेच तर!” मागून आवाज आला. “आपल्या बारीत वाजवा ना, दम असेल तर.”

रमाकांतने मंचावरून हात जोडून सांगितलं की ती माणसं माझीच आहेत, त्यांना वाजवू द्या. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की पोर धीर सोडून शरण जातंय. एक टाळकरी बाकावर उभा राहून ओरडला, “रमाकांता, भियाव नको, आमी आसंव!” आणि टाळ्या पडल्या. एकटं पोर आणि समोर काळ्या कोटातले चाळीस, हे चित्र त्या वर्षी त्या वस्तीला पाहवण्यासारखं नव्हतं. आपल्यावर अन्याय होतोय हे ओळखायला ती माणसं तेव्हा फार तयार झाली होती. त्यांनी ठरवून टाकलं की रमाकांतला निर्वेध गाऊ द्यायचं. पाच-सहा स्वयंसेवक ऑर्केस्ट्राच्या मंचापुढे साखळी करून उभे राहिले. पारशी गृहस्थांनी गज मांडीवर ठेवले.

आता रमाकांतला एकट्यानेच गावं लागलं. ज्यांच्या साथीसाठी त्याने पाच वर्षं वाट पाहिली ते वीस पावलांवर हात बांधून बसले होते, आणि तो, प्रेमापोटीच त्यांना गप्प बसवणाऱ्या गर्दीसमोर, उघड्यावर पडला होता. ओळ संपली, गळा उडवायची जागा आली, त्याने उडवला, आणि तो सूर भरलेल्या पटांगणात एकटाच वर गेला आणि एकटाच खाली आला. पाठी एकही गळा नाही. कुणीतरी फिसकन हसलं. बुवाच्या मागे कोरस नसणं ही आमच्याकडे धोतर सुटण्याइतकी शरमेची गोष्ट आहे, आणि सगळ्यांना ती एकदम दिसली. ओरडून पाठिंबा देणारेही खाली बघू लागले. रमाकांतचे कान तापले. त्याला वाटलं, गिटार इथेच ठेवावी आणि थेट शिवडीला जाऊन गाठोड्यांत तोंड लपवावं.

त्याने वर पाहिलं. गुणाजीबुवा उठले होते. त्यांनी आत जाऊन खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली, आणि जिन्याकडे निघाले. संपलं, रमाकांतला वाटलं, चालले पानवाल्याकडे. त्याने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा लोक बाजूला होत होते. बुवा मधल्या वाटेने येत होते. हातात झांज होती, मागे पखवाजवाला आणि त्यांच्या मंडळाचे अकरा टाळकरी. ते मंचाच्या पायरीवर थांबले आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माज्या झिलाच्या पाठीमागे कोण नाय? मगे आमी काय मेलंव?”

मग वर चढून ते मुलाच्या मागे मांडी घालून बसले. त्यांनी एकदा हॅटकडे पाहिलं. “ओळीच्या शेवटाक जो सूर लावतंस,” ते हळू म्हणाले, “तो परत लाव.”

रमाकांतने लावला. यो-लो-ली-ई-ई. बुवांनी डोळे मिटून तो एकदा मनात फिरवला, मान हलवली आणि टाळकऱ्यांना म्हणाले, “ह्यो धरा.”

त्यांनी धरला. अकरा गिरणीकामगारांनी, ज्यांचे गळे साच्यांच्या आवाजावरून बोलून बोलून तयार झाले होते, तो सूर एकदम वर फेकला, आणि त्याखाली पखवाजाची थाप पडली. पटांगण उसळलं. रमाकांत ओळ टाकी, मागून बुवा ती उचलत, पुढचे शब्द येत नव्हते तिथे विठ्ठलाचं नाव घालत, आणि दर ओळीला ताल चढत जाई. दुसऱ्या कडव्याला लोकही गाऊ लागले. दोन हजार माणसं टेक्सासच्या गुरांना हाकत होती. गंगुबाई गॅलरीतून गळा उडवत होत्या, आणि त्यांना कुठलीही बाधा झालेली दिसत नव्हती.

समोर कायतान मास्तर बोटं चोळत उभे होते. शेवटी त्यांना राहवेना. ते साखळीशी येऊन कोंडीरामांना ओरडून विचारू लागले की आमी कधी, आमी कधी वाजवायचं. कोंडीरामांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. रिवाज होता की! शेवटचा गजर दोन्ही पार्ट्यांचा. त्यांनी शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं, “गजर!”

मास्तरांनी दोन्ही हात वर केले. या वेळी ते रमाकांतकडे तोंड करून उभे राहिले, त्यांची नजर गुणाजीबुवांच्या झांजेवर, आणि त्यांनी पाठीमागच्या चाळीस जणांना नुसत्या खांद्यांनी आत घेतलं. रमाकांतने मनात शंभर वेळा ऐकलं होतं ते तसं नव्हतंच. ते त्याहून कितीतरी मोठं होतं. व्हायोलिनं आली, कर्णे आले, तपेली पखवाजाला भिडली आणि पखवाज तपेल्यांना, आणि या सगळ्याच्या मधे त्याचा सूर वर वर जात राहिला आणि दर वेळी खाली आला की झेलायला बाबा होते. तो रडत होता आणि गात होता. नाडी सुटून हॅट कुठे गेली ते त्याला कळलं नाही.

शेवटचा ठोका पडला तेव्हा कुणालाच थांबायचं नव्हतं. आता पुढे काय म्हणायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून लोकांनी त्या वर्षी जे नेहमी म्हणत ते म्हटलं. मागून कुणी ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणालं, दोन हजारांनी ‘झालाच पाहिजे’ म्हटलं, आणि तालात अडकलेला तपेलीवाला प्रत्येक वेळी ठोका देत राहिला. फौजदार डोळे पुसत होते. त्यांनी वहीत लिहिलं, ‘गवळणी शांततेत पार पडल्या,’ आणि घोषणा संपेपर्यंत बुटाची नाडी बांधत बसले. सामना बरोबरीत सुटला असं कोंडीरामांनी जाहीर केलं. ऑर्केस्ट्राला प्रसादाचा शिरा वाढण्यात आला. त्या पारशी गृहस्थांनी तो तीनदा घेतला आणि पुढल्या वर्षीची तारीख विचारून डायरीत लिहिली.

गुणाजीबुवा मात्र गजर संपताच झांज पखवाजवाल्याकडे देऊन निघून गेले होते. घरी ते जेवले आणि झोपले. रमाकांतने कमलला विचारलं की बाबा काय म्हणाले. ती म्हणाली, आमटीत मीठ कमी आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाकांत कामावर जायला डबा घेत होता. बुवांची दुसरी पाळी होती. ते चहाची बशी हातात धरून गॅलरीत बसले होते, बशीतला चहा गार झाला होता.

“त्या मेल्याची गुरां पोचली रे शेवटाक?” त्यांनी विचारलं.

रमाकांतला आधी कळेना. मग कळलं, आणि त्याच्या हातातला डबा खाली आला.

“माका म्हायत नाय, बाबा. त्या खलाशानं ह्या गाण्याची तीनच कडवी शिकवली. तिसऱ्यात ती नदीत आसत.”

बुवांनी बशी खाली ठेवली. एवढी हजार गुरं, पाण्यात, आणि कडव्यांचा पत्ता नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

“गुरां अशी नदीत सोडून कोण गाणा संपवता?” ते म्हणाले. “ती गिटार घेवन ये. चौथा कडवा मी घालतंय.”

रमाकांतने त्या दिवशी आजारपणाची रजा टाकली. दुपारी बाराच्या सुमाराला गुरं पैलतीराला लागली.